खळग्यातला सुरय

लातूर नवा जिल्हा झाला, पण पाणी जुनंच आटलेलं. तरी आमच्या कोरड्या तलावाचा चौकीदार रोज गळ्यात शिट्टी अडकवून ड्यूटीवर यायचा आणि मला अडवून पाखरांचं सांगायचा.

"सायेब, नदी सुरय म्हंजी पिवळ्या चोचीचं पाखरू. सूर मारून मासा धरतो, त्याला खोल पानी पायजे. मिशीवाला सुरय बारका, वरच्यावर किडे टिपतो."

सांगताना माझ्याकडे असं बघायचा, की मी यातला कोणता?

एकदा टँकरवर भांडून मिळवलेली घागर त्यानं तलावातल्या खळग्यात ओतली.

"अहो, घरी काय पिणार?"

"मिशीवाला यायलाय. त्याला लई लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो डोकं धरून बसला होता. खळग्याकाठी पिवळ्या चोचीचा सुरय वाट बघत होता.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "तुमच्या घरी घागरी किती हायेत?"