हवेत उभी राहिलेली जीप

चाळीस वर्षं बातमीदारी केली. वाटलं होतं, पुढाऱ्यांचे किस्से जमतील. जमले ते घरच्या गॅरेजातल्या कार लिफ्टचे! भोरमध्ये कुणी चहाला बसवलं की आधी तेच मागतात.

लिफ्ट म्हणजे चाकांवर ढकलत आणायची लोखंडी घडी. गाडीखाली सरकवायची, बटण दाबलं की गाडी छातीएवढी वर. घेतली एका माणसासाठी. शेजारचे रशीदभाई, एसटीचे निवृत्त मेकॅनिक. डेपोत त्यांच्या डोळ्यांदेखत जॅक निसटला आणि जोडीदाराचा पाय गेला. तेव्हापासून ते गाडीखाली गेले नाहीत. बाहेर उभं राहून, कान देऊन बिघाड सांगतात. मला हे मान्य नव्हतं. असल्या हातांनी नुसतं उभं राहायचं?

*

पहिल्या दिवशी बायकोनं लिफ्टला हार घातला, नारळ फोडला. नव्या गाडीला ठेवतात तसं जीपच्या चाकापुढं लिंबू ठेवलं. मी बटण दाबलं. जीप सरळ वर. लिंबू जागच्या जागी, अख्खं!

"अहो, आता?"

रशीदभाई दारातूनच म्हणाले, "वहिनी, चाकाखाली सरकवा. उतरताना चिरडंल. पन मुहूर्त उतरतीचा झाला, चढताना सांभाळा!"

*

कामथडीला भाचीचा साखरपुडा. जीप वर, आणि वीज गेली. उतरवायची तर आधी बोटभर उचलून, जीप वर अडवून धरणारा खटका सोडवावा लागतो, त्याला वीज हवी. वीज कचेरीला फोन लावून मी कडाडलो, "माझी गाडी हवेत अडकलीय!"

पलीकडचा शांतपणे म्हणाला, "काका, हितं वीज मिळती. विमानाचं आमच्याकडं न्हाई."

साखरपुड्याला एसटीनं गेलो.

*

भाटघर धरणाकडून धुकं आलं की मी जीप वर चढवून गॅरेजाचं दार उघडं ठेवतो. लिफ्ट दिसेनाशी होते, जीप तेवढी तरंगत राहते. एका सकाळी दूध घालणाऱ्या सखूबाई किटली घेऊन थबकल्या.

"दादा, ही कुठं निघाली?"

जन्मभर लोकांना प्रश्न विचारून घाम फोडला. आता पाळी माझी. "अजून ठरायचंय," म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, मापभर दूध जास्त घातलं आणि जीपकडं बघत बघत गेल्या.

*

रशीदभाईंशी रोज भांडायचो. "अहो, लोखंडी खटका आहे! हत्ती ठेवला तरी हलणार नाही!"

"जॅकबी लोखंडाचाच व्हता."



*

गेल्या महिन्यात जीपमधून तेल गळू लागलं. गळतीला आवाज नसतो. रशीदभाईंनी कान दिला, पुन्हा दिला. मग चपला काढल्या, खटका दोनदा हातानं हलवून बघितला, पाट मागितला आणि जीपखाली जाऊन बसले.

मी दारात उभा. बाहेर पांढरं धुकं. आतून आवाज आला, "ही तांबडी माती वेल्ह्याची. ही काळी, सारोळ्याची. लई हिंडलात, पत्रकार."

त्यांच्यासाठी आणलेला चहा निवला. धुकं विरलं, अंगणात ऊन आलं. मी वाकून विचारलं, "सापडलं का?"

"कवाच."

"मग बाहेर या ना!"

"तुमीच या की आत. पाट दोघांपुरता हाय."