कामाच्या दिवशी येणारे सर

माने सरांशी माझी ओळख झाली तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे वडील मला पलूसला सरांच्या घरी घेऊन गेले. पोरीला एम.ए.साठी पुण्याच्या मोठ्या सरकारी विद्यापीठात पाठवावं की सांगलीतच शिकवावं, यावरून आमच्या घरात महिनाभर धुसफूस चालली होती. "तिथं ठेवायचं म्हंजे एकरभर ऊस गेला धरा. तेवढं पदरात पडतंय का, सर?" वडिलांनी थेट विचारलं.

"मला इचारून काय कळणार, सुभेदार? चला, बघून येऊ," सर म्हणाले.

सरांची ही रीतच आहे. हायस्कुलात इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या सरांचा माहितीपत्रकांवर काडीचा विश्वास नाही. प्रवेशाच्या दिवसांत सगळेच गोड बोलतात, म्हणून ते मुलांना आणि पालकांना कामाच्या एखाद्या मंगळवारी, कुणालाही न कळवता, थेट वर्गात नेऊन बसवतात. येताना स्वतःची भाकरी बांधून आणतात आणि पालकांना चहाचे पैसेही देऊ देत नाहीत.

आमच्या मंगळवारी पुण्यात पहिल्या तासाला प्राध्यापक आलेच नाहीत. दुसऱ्या तासाला जे आले, त्यांनी जुन्या वहीतून वाचून दाखवलं. वडिलांचा चेहरा पडला. आपलं पुणं संपलं, असंच वाटलं. तिसऱ्या तासाला एक बाई आल्या. मी अनोळखी असूनही त्यांनी मलाच प्रश्न विचारला. माझं उत्तर चुकलं आणि ते का चुकलं, यावर सगळा वर्ग तासभर भांडला.

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "तिघांत एकच मास्तर खरा."

"व्हय. पर तसा एक आपल्याकडं न्हाई," सर म्हणाले. "मला धरून सांगतोय."

इतक्या सहज स्वतःला कमी लेखणारा शिक्षक मी तरी दुसरा पाहिला नाही. जूनमध्ये मी पुण्याला गेले.

आज मी त्याच विद्यापीठात शिकवते. गेल्या वर्षी एका मंगळवारी माझा तास बुडवून मी कसल्याशा समितीच्या बैठकीला गेले. संध्याकाळी सरांचा फोन आला. "पलूसच्या एका पोरीला आन् तिच्या आईला घिऊन आल्तो. तुझ्या वर्गात तासभर बसलो."

सर रागावले असते तर बरं वाटलं असतं. "मग त्यांना काय सांगितलंत, सर?"

"सांगायचं काय? त्यांनी बघितलं की. पर म्हणलं, ह्या बाईंचं एकदा ऐकून मग ठरवा. पुढच्या मंगळवारी परत येतोय. असशील न्हवं?"

पंचाहत्तरीला टेकलेले सर दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा एसटीत बसून आले. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि एवढी माया कुणी केली नव्हती. ती मुलगी आता माझ्या वर्गात आहे.

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी असंच केव्हाही, न कळवता यावं. मी वर्गात असेन.