थांबलेल्या प्रोग्रामला हाक

सायमन ओपोलोट कंपालाच्या आमच्या ऑफिसात नऊ वर्षं होता आणि नऊ वर्षांत त्याला कोणी धड नावाने हाक मारली नाही. पूर्वेकडच्या सोरोटीचा, नाचणी खाणाऱ्या तेसो लोकांतला, म्हणून सगळ्यांसाठी तो ‘नाचणीवाला’. तो कधी चिडला नाही. मला त्याच्या त्या न चिडण्याचाच राग यायचा.

रक्ताच्या पिशव्यांवर गटाची चिठ्ठी छापणारा प्रोग्राम आमचा होता. एकदा एका पिशवीवर चुकीचा गट छापला गेला. नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून एक बाई वाचली. आमचे मुख्य कयेम्बासाहेब. त्यांनी चौकशीची वाटही न बघता ओपोलोटवर खापर फोडलं. त्याचं म्हणणं वेगळं होतं. साहेबांनी हट्टाने बाहेरून आणून बसवलेला भाग मध्येच गट बदलतो, असं तो म्हणे. पण दाखवणार कसं? चूक क्वचित व्हायची आणि मागमूस ठेवायची नाही.

तीन आठवडे तो पाळतीवर बसला. एका सकाळी चूक घडताना सापडली आणि त्याने प्रोग्राम जागच्या जागी थांबवला. बंद केला नाही, नुसता थांबवला. चुकीचा गट आणि तो कुठून आला हे सगळं अजून प्रोग्रामच्या पोटात, म्हणजे मेमरीत, होतं. दहा वाजता चौकशीला मंत्रालयातले पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर हे उघडून दाखवलं असतं, तर त्याची नोकरी आणि नाव दोन्ही वाचली असती.

पोटातलं बघायला डीबगर नावाचा दुसरा प्रोग्राम जोडावा लागतो. त्याने जोडला, तर डीबगरही गप्प होऊन बसला.

“मेलाय तो,” कयेम्बासाहेब दारातून म्हणाले. “मढ्याला काय विचारतोस, नाचणीवाल्या?”

“मेला नाही, सेबो,” ओपोलोट म्हणाला. आमच्याकडे आदराने पुरुषाला सेबो म्हणतात, बाईला न्याबो. “थांबलाय. डीबगर त्याच्या ‘थांबलो’ या निरोपाची वाट बघतोय. पण तो आधीच थांबलाय, निरोप केव्हाच देऊन झालाय. आता डीबगर तसाच जोडलेला ठेवून त्याला ‘चल’ म्हणायचं. उठता उठता पकडला जाईल. पाच मिनिटं द्या.”

“पाहुणे येऊन बसलेत. आधी येऊन भेट त्यांना. का सोरोटीत मोठ्यांना असंच ताटकळत ठेवतात?”

आमच्याकडे वडीलधाऱ्याला भेटायचं म्हणजे घरदार, मुलंबाळं, शेती, गुरं, सगळ्यांची खुशाली विचारायची. घाई केली की उद्धट ठरलात. ओपोलोट उठला. जाताना मला म्हणाला, “न्याबो, लक्ष ठेव. हात मात्र लावू नकोस.”

मी त्याच्या शेजारच्याच टेबलावर बसायचे. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बाहेर गुरांची चौकशी चाललेली ऐकू येत होती. मला वाटलं, तो येईपर्यंत आपणच तयार करून ठेवावं, पाहुण्यांपुढे त्याची फजिती नको. आणि खरं सांगायचं तर मलाही येतं, हे दाखवायचं होतं. त्याच्या मशीनवर अडकलेला डीबगर मी बंद केला, नव्याने जोडू म्हणून. पण जोडायच्या आधीच प्रोग्रामला ‘चल’ म्हटलं.

धरायला कोणी नव्हतंच. तो उठला, उरलेलं काम संपवून बंद झाला. पोटातलं सगळं गेलं.

ओपोलोट पाहुण्यांना घेऊनच आत आला. रिकाम्या पडद्याकडे बघून त्याने मला विचारलं, “काय झालं?”

“आपोआपच गेला,” मी म्हणाले.

तो खुर्चीत बसला, दोन-चार बटणं दाबली आणि पडद्यावर आलेलं वाचलं. कयेम्बासाहेब हसून पाहुण्यांना म्हणाले, “बघा, म्हटलं नव्हतं? पुरावा म्हणे.” त्याच आठवड्यात त्याला काढलं. त्याची खुर्ची मला मिळाली आणि मी ती घेतली.

दोन वर्षांनी सोरोटीला गेले होते. ओपोलोट बाजारात फोन दुरुस्त करत बसला होता. “रक्तवाला ना? त्याच्याकडे फोन देऊ नका,” असं शेजारची टोमॅटोवाली मला त्याच्यादेखत म्हणाली. त्याने मला चहा पाजला, माझ्या आईची, भावंडांची, सगळ्यांची खुशाली विचारली. शेवटी न राहवून मी म्हणाले, “त्या दिवशी प्रोग्राम…”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “माझ्या मशीनवर दिलेल्या आज्ञांची यादी राहते. शेवटच्या दोन मी दिल्या नव्हत्या, आणि खोलीत तू एकटीच होतीस. परत येऊन बसलो तेव्हाच वाचलं.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीस?”

“वाटलं, तू बोलशील.”

कयेम्बासाहेब अजून तिथेच आहेत. त्यांची खोली माझ्यापासून चार दारं सोडून आहे. सोरोटीहून आल्याला सहा महिने झाले, रोज त्या दारावरून जाते, आणि अजून आत गेलेले नाही.