माझे सासरे आणि दीर्घिकांची टक्कर

आकाशात दीर्घिकांच्या कुठल्याही दोन समूहांना एकमेकांवर आदळायचं असेल, तर त्यांना आधी माझ्या सासऱ्यांना कळवावं लागतं, अशी दहिवलीतल्या निम्म्या लोकांची समजूत आहे. ती पसरवली सासऱ्यांनीच. जन्मभर भातशेती केलेल्या या माणसाने, मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात, मी नेमकं काय शोधते ते मला विचारलं. मी सांगितलं, की हजारो दीर्घिकांचे असे समूह आदळतात तेव्हा त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून फार मंद रेडिओलहरी येतात. कुठल्या एका दीर्घिकेतून नव्हे, तर सगळीकडून, धुक्यासारख्या. ते धुकं मी शोधते. सासऱ्यांनी हे पाठ केलं आणि न्हाव्याच्या दुकानापासून सुरुवात केली. कोणी माझ्याकडे पत्रिका घेऊन आलंच, तर ते त्याला ओट्यावर बसवून पाणी देत आणि सांगत, "आमच्याकडं ग्रह नाय बघत. आमी त्याच्या लय पल्याडचं बघतो."

मी कामाला बसले की ते घरातला मिक्सर बंद करायला लावत. दुर्बीण इथून कितीतरी लांब आहे, नोंदी केव्हाच घेऊन झाल्यात, हे मी दहादा सांगितलं. "आसंल. पन उगाच खडखडाट कशाला?" सासूबाई म्हणाल्या, "मंग खोबरं काय पाट्यावर वाटू?" तर हे स्वतः पाट्यावर बसले. त्या दिवशीची आमटी आम्हाला चावून खावी लागली.

मागच्या वर्षी लावणीच्या दिवसांत माझा शोधनिबंध परत आला. परीक्षकाचं म्हणणं, हे धुकं खरं नाही. वजा करायच्या राहून गेलेल्या बारीकसारीक दीर्घिकांचाच तो अंश असेल. म्हणजे सगळं पुन्हा करायचं. मुलगी दीड वर्षाची, शिष्यवृत्ती संपत आलेली. मी म्हटलं, "बाबा, मी सोडते हे." ते मुलीला खांद्यावर घेऊन शेतावर गेले, आणि पुढचे तीन आठवडे रोज नेत राहिले. ती चिखलाने माखून परत यायची आणि माझं तेवढं काम झालेलं असायचं.

शेवटची आकडेमोड संगणकावर सलग आठ दिवस चालायची होती. सातव्या दिवशी दुपारी वाऱ्याने विजेच्या तारा तुटल्या. इन्व्हर्टर दोन तास टिकला असता. सासरे चिखलाच्या पायांनीच टेंपोत बसून गेले आणि दीड तासात साजगावच्या एका साखरपुड्यातला जनरेटर घेऊन आले. "जेवणं उरकली व्हती," ते म्हणाले. "पंख्याबिगर कोन मरत नाय." टेंपोत नवरीचा बापही होता; नेमकं कोण कोणावर आदळलंय ते बघायला आला होता.

दुसऱ्या दिवशी चित्र तयार झालं. एकूण एक दीर्घिका वजा केल्यावरही मधली पुसट झाक तशीच राहिली होती. मला रडू आलं. सासरे पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"मला काय दिसत नाय गं," ते म्हणाले. "तुला दिसतंय?"

"हो, बाबा."

"मंग हाय."

निबंध छापून आला. शेवटी आभाराच्या ओळींत, दुर्बिणीच्या खालोखाल, मी त्यांचं नाव घातलं आणि जेवताना ते मराठीत वाचून दाखवलं. भात कालवता कालवता त्यांचा हात थांबला. "यवडं कशाला," एवढंच म्हणाले. अलीकडे त्यांचे कान जड झालेत. दर आठ-पंधरा दिवसांनी ते मला तेच पान काढायला लावतात. म्हणतात, मागच्या वेळी नीट ऐकू आलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसते आणि जरा मोठ्याने वाचते.