म्हाताऱ्याने दाखवलेली जागा

सासूबाई वसईला वारल्या तेव्हा साथीमुळे विमानं बंद होती. मयत आम्ही फोनवर पाहिलं, इथे परदेशात, स्कोफिल्ड्सच्या आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून. त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडून आईचं नाव निघालं नाही. रडलेही नाहीत. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात साफसफाईच्या शिफ्टला जायचे, आल्यावर आंघोळ करायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. असा माणूस आतल्या आत कुजतो, मी पाहिलेलं आहे. मला त्याचीच भीती होती.

आमच्या घरात एक रीत आहे. माणूस जाऊन महिना झाला की चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होते; त्या दिवशी मुलाने स्वतः धरलेल्या माशाचं कालवण करायचं, आणि जेवताना गेलेल्या माणसाविषयी बोलायचं. मी म्हटलं, दुकानातला मासा आणू. हे म्हणाले, "नको. मी धरीन." तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

शनिवारी दुपारी आम्ही लांबच्या एका तळ्यावर गेलो. धरणाचं पाणी, आम्ही कधी न पाहिलेलं. तिथे बास नावाचा मासा मिळतो असं ह्यांना कामावर कोणीतरी सांगितलं होतं. इथे डिसेंबर म्हणजे उन्हाळा; ऊन डोक्यावर होतं. काठावर इंग्रजी पाटी होती.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"किती मासे न्यायचे ते."

"एवढंच? नीट वाचा. दंड करतील."

"अगं, लायसन्स काढलंय. एक मासा नेला तर कोणी फाशी देणार नाही."

थोड्या अंतरावर, झाडांखाली, एक गोरा म्हातारा घडीच्या खुर्चीत बसला होता. आम्ही उघड्यावर गळ टाकला तसा तो ओरडला, "नॉट देअर, मेट!" आणि हात हलवून झाडांकडे दाखवत आणखी काही सांगू लागला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, उन्हात मासा वर येत नाही. सावलीत टाका, बुडालेल्या ओंडक्यांपाशी."

"आणि तुम्ही टाकणार?"

"वेडी आहेस का? मासे धरणारा कधी आपली जागा सांगतो?"

खरंच होतं. माझ्या वडिलांना कोणी विचारलं, "आज मासळी कुठे लागली?" की ते खाडीच्या भलत्याच टोकाकडे बोट दाखवायचे. विचारणाराही काही कच्चा नसायचा. तो बोटाच्या उलट दिशेला जायचा. तेव्हा म्हातारा सावलीकडे बोट दाखवतो म्हणजे मासा उन्हात असणार, हे आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं आणि तिथेच तापत बसलो.

म्हाताऱ्याच्या गळाला मासा लागला. त्याने तो हातात धरला, बघितला आणि परत पाण्यात सोडला. थोड्या वेळाने दुसरा लागला. तोही सोडला.

"बघा, सोडतोय," मी म्हटलं. "ह्या पाण्यात काहीतरी आहे. खाण्यासारखा मासा कोणी सोडतं का?"

हे त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटतं मासा एकच आहे. घरून आणलाय. आपल्याला फसवायला पुन्हा पुन्हा काढून दाखवतोय."

मी हसले. महिन्याभरात हे पहिल्यांदा काही गमतीचं बोलले होते. पण गळ रिकामाच.

ऊन उतरलं तेव्हा म्हाताऱ्याने खुर्ची मिटली. तो आमच्याकडे येऊ लागला तशी मी मास्क नाकावर चढवला. लांबच थांबून त्याने एका दगडावर काहीतरी ठेवलं, मागे सरला, झाडांकडे बोट केलं आणि गाडीकडे निघून गेला. दगडावर नकली आमिष होतं, काळं, गळ लावलेलं. झाडांवर किरकिरणारे मोठे किडे असतात, हुबेहूब तसं.

"हात लावू नका," मी म्हटलं. आधी त्यावर सॅनिटायझर ओतला. काय सांगावं, कोणाच्या तोंडाजवळचं असेल.

"जागाच सोडून गेला," हे म्हणाले. "आता खोटं बोलून त्याला काय मिळणार?"

आम्ही झाडांखाली गेलो. फांद्यांवरून तसलेच किडे पाण्यात पडत होते, आणि जिथे पडत तिथे पाणी फुटत होतं. ह्यांनी आमिष तिथेच टाकलं. लगेच दोरी ताणली गेली.

मासा लहान जिताड्यासारखा होता, अंगाने भरलेला. ह्यांनी तो धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. "त्याने सगळे सोडले गं. पाणी खराब असलं तर?"

मी कल्ले उघडून पाहिले. लालभडक होते. वास घेतला. "घरी न्यायचा," मी म्हटलं. मन मात्र साशंकच होतं.

रविवारी मिस्सा फोनवर ऐकली. मी नारळाचं कालवण केलं. ताट समोर ठेवलं तरी हे हात लावेनात. मग मीच पहिला घास घेतला. हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय होतंय?"

"काही नाही. जीभ जागेवर आहे."

तेव्हा ह्यांनी घास घेतला.

तो माणूस मासे का सोडत होता आणि जागा का देऊन गेला, हे मला अजून कळलेलं नाही. आमिष खिडकीत पिशवीत बांधून ठेवलंय. त्या दिवशी जेवतानाही हेच मनात घोळत होतं, तेवढ्यात ह्यांचा हात ताटात थांबला.

"आईने चिंच कमी घातली असती," हे म्हणाले.

"आणि?"

"आणि तुला ऐकवलं असतं."

"काय ऐकवलं असतं?"

ह्यांनी सांगायला सुरुवात केली, अगदी आईच्या आवाजात. मधेच रडू फुटलं. डोळे पुसले आणि पुढे सांगत राहिले. कालवण गार झालं. मी ते पुन्हा गरम केलं.