नानाला ऐकू येतं, मला नाही

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता आणि असल्या गोष्टी लिहिणाऱ्यांवर तर त्याहून नाही. त्यामुळे ‘हेडफोनचा जॅक नीट बसला नसेल’ हे सांगायला जे उतावीळ झालेत, त्यांनी आधी पुढचं वाचावं... माझं पोट कॉम्प्युटरच्याच धंद्यावर होतं.

१९९९ चा मे महिना. जळगावात घराच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. एका मशीनवर विंडोजऐवजी हौसेने लिनक्स टाकलेलं. माय जाऊन तीन महिने झाले होते. तिच्या आवाजाची एकच कॅसेट होती — आमच्या पाचोऱ्याकडच्या गावी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या बाया उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. वर्षातून एकदा, राजरोस. आमच्या काठाची पुढारी माय. थोरल्या भावाने, नानाने, ते टेप केलं होतं. मी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी नानाच्या टेपने ती चघळून टाकली. म्हणजे माय आता फक्त त्या फाइलमध्ये.

फाइल लावली. हेडफोनमध्ये चिडीचूप. आवाजाचा मिक्सर उघडला तर आवाज शून्यावर. लिनक्सची ही जुनी खोड. वाढवला, साउंड कार्डची सेटिंग पुन्हा केली. चाचणीची धून खणखणीत वाजली. मायची फाइल लावली... काही नाही.

‘‘रेकॉर्डिंगच झालं नाही,’’ मी म्हणालो.

नाना शेजारीच बसला होता. माय गेल्यापासून माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. त्याने हेडफोन ओढून घेतले, कानाला लावले आणि हसला.

‘‘बठ्ठं आयकू ई राह्यनं. मायच शे.’’

मला वाटलं, ऐकू येतंय असं खोटंच सांगतोय. माझ्या बायकोला हेडफोन दिले. ती ऐकता ऐकता तोंडाला पदर लावून हसायला लागली, शिव्याच तशा होत्या. मग स्पीकर जोडले. त्या दोघांना माय ऐकू येत होती, मला नुसता पंखा.

‘‘तुले आते आयकू येवाव नही,’’ नाना म्हणाला. ‘‘माय जित्ती व्हती तवय ती बोले आनि तू हाईच कानले लाईसन बसे.’’

त्याच्या अंगावर धावून जाणार होतो — पण खोटं काय बोलला होता तो? माय बोलायची तेव्हा मी हेच हेडफोन कानाला लावून बसलेला असायचो.

डॉक्टरांनी कान ठणठणीत सांगितले. धुळ्याच्या एका जाणकाराने मशीन तपासलं, त्यालाही माय ऐकू आली. कारण आजपर्यंत कळलेलं नाही.

आता दर आखाजीला नाना येतो, हेडफोन लावतो आणि माझ्या डोळ्यांत बघत मायची एकेक शिवी मोठ्याने म्हणतो. फाइल आठ मिनिटांची आहे. नाना तासभर शिव्या देत राहतो. त्यातल्या मायच्या कोणत्या आणि नानाच्या स्वतःच्या कोणत्या ते मला कळत नाही, म्हणून मी सगळ्या ऐकून घेतो.