पॉलिशच्या चाकावरची हळद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या गावच्या इतिहास मंडळात, दारातून आत गेल्यावर डावीकडे, काचेच्या पेटीत नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, एक पांढुरकं चाक ठेवलंय. पोळपाटापेक्षा थोडं लहान. त्याच्या एका बाजूला विटकरी-पिवळा डाग आहे आणि खालच्या चिठ्ठीवर लिहिलंय की हा एकोणिसाव्या शतकातल्या पितळेच्या पॉलिशचा अवशेष आहे. तो डाग हळदीचा आहे. आमच्या घरातल्या हळदीचा. तो मी लावला.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी, जवळच्या न्यूनेन गावात घर, मधे सायकल, आणि दिवसभरात जेवढं बोलावं लागतं ते बहुतेक मशीनबद्दल. बायको माझ्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आली होती. पहिली काही वर्षं तिने घरात बसून काढली, मग डबे सुरू केले, आणि ते इतके चालले की शनिवारी आमच्या ओट्यावर मला चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही. एकदा तिने बटाटेवड्यांचं सारण हातात घेऊनच मला सांगितलं, "हे बघ, तू घरात असलास की मला दर पाच मिनिटांनी 'मदत करू का' ऐकावं लागतं. कुठेतरी जाऊन ये ना. लोकांत मिसळ."

म्हणून मी इतिहास मंडळात जायला लागलो. त्यांना तेव्हा मशिनरीतलं कळणारा कुणीतरी हवाच होता. शेजारच्या वाडीतलं एक जुनं घर पाडताना माळ्यावर खोकी सापडली होती, एका छोट्या कारखान्याची कागदपत्रं. हा कारखाना पॉलिशची चाकं बनवायचा. लाकडी चाकाला चामडं सरसाने चिकटवायचं, त्यावर पुन्हा सरस लावून कुरुंद दगडाची खरखरीत पूड बसवायची, की झालं लोखंड घासायचं चाक. या चाकांना आम्ही पुण्याकडे बफ म्हणतो. माझ्या वडिलांचं भोसरीत लहानसं वर्कशॉप होतं, तिथे बफच्या आवाजातच मी गृहपाठ केला. त्यामुळे पहिल्या शनिवारी त्या खोक्याचं झाकण उघडल्यावर सरसाचा तो कुबट वास आला आणि मला परक्या देशात एकदम घरच्यासारखं वाटलं.

मंडळाचे अध्यक्ष अठ्ठ्याहत्तरीचे, उंच आणि किंचित वाकलेले; मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचो. त्यांचे पणजोबा याच कारखान्यात सरस शिजवायचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की गावच्या बँडची पितळी वाद्यं, कर्णे वगैरे, आमच्या पणजोबांच्या चाकांवर चमकली. पण खोक्यांतल्या कागदांत सगळीकडे नांगराचे फाळ आणि सुऱ्या. पितळेचं नाव नाही. मंडळात जुनं हस्ताक्षर वाचता येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या आजोबांना कॉफी देताना दर वेळी छेडायच्या, "काय, तुमचा कर्णा सापडला का आज?"

"सापडेल," आजोबा म्हणायचे. "तुम्ही बिस्किटांचा डबा बंद करायची एवढी घाई करू नका."

मला त्या बाईंनी ती अक्षरं वाचायला शिकवली. ते शनिवार माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. कारखान्याच्या मालकाने पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल पातळ कागदावर उमटवून ठेवलेली असायची, आणि निम्म्या पत्रांत एकच रड. हवा दमट आहे, सरस वाळलेला नाही, माल पुढच्या आठवड्यात नक्की. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आवरेना. माझे वडील फोनवर गिऱ्हाइकाला हेच सांगायचे, "पॉलिशला गेलंय हो, संध्याकाळी देतोच," आणि ती वस्तू त्यांच्या पायाशीच पडलेली असायची. मी हे भाषांतर करून सांगितलं तर आजोबांनी टेबलावर हात आपटला. "म्हणजे तुझा बाप आणि आमचा मालक भाऊभाऊच."

एका खोक्याच्या तळाशी तेलकट कागदात गुंडाळलेलं ते नमद्याचं चाक होतं. माझा कॅमेरा चांगला, म्हणून आजोबांनी ते पुडकं न उघडताच माझ्या सायकलच्या पिशवीत ठेवलं. "घरी नीट उजेडात उघड, फोटो काढ, शनिवारी आण."

तो आठवडा नवरात्राचा होता. खंडेनवमीला वडील वर्कशॉप बंद ठेवायचे, सगळी मशीनं रॉकेलने पुसायचे, आणि प्रत्येक हत्याराला हळद-कुंकू लावताना माझा हात धरून मलाही लावायला लावायचे. इथे आम्ही दोन सायकली, लॅपटॉप, आणि बायकोचा मिक्सर मांडतो. अंगणातलाच झेंडू. फोटो अजून काढायचे होते, म्हणून त्या दिवशी चाकही टेबलावर होतं. बायको आत श्रीखंड वाढत होती. मी एकेक करत बोटं टेकवत गेलो. सायकल, सायकल, लॅपटॉप, मिक्सर, आणि चाक. बोट उचललं तेव्हा लक्षात आलं की हे आपलं नाही.

घाबरून मी ते ओल्या फडक्याने पुसलं. डाग पसरला. मग थोडा साबण लावला. हळदीला साबण लागला की काय होतं हे कुठल्याही मराठी घरात पोराटोरांना माहीत असतं. मला तेव्हा आठवलं नाही. पिवळ्याचा विटकरी झाला.

शनिवारी सांगायचं ठरवूनच गेलो होतो. वाक्यसुद्धा डचमध्ये पाठ केलं होतं. पण आजोबांनी चाक उजेडात धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने डागाची कड चाचपली. मग हळूच म्हणाले, "लाल पॉलिश. पितळेचं." त्या शिक्षिका उठून त्यांच्या खांद्यामागून बघायला लागल्या, आणि त्या दिवशी त्यांनी छेडलं नाही. "सापडला म्हणायचा तुमचा कर्णा," एवढंच म्हणाल्या.

मी कॉफी प्यायलो.

पुढच्या वसंतात प्रदर्शन भरलं. बायको समोसे घेऊन आली होती, ते भाषण संपायच्या आत संपले. ती काचेपाशी थांबली. "अगदी हळदीचा डाग वाटतो रे. माझ्या पांढऱ्या ओढणीवर आहे ना, तस्साच."

"त्यांच्याकडे तेव्हा असलं पॉलिश असायचं," मी म्हणालो.

"असेल बाई," ती म्हणाली, आणि रिकामे डबे गोळा करायला गेली.

त्यानंतर मला चैन पडेना. मी ठरवलं, डाग खोटा असला तरी गोष्ट खरी असू शकते. शनिवार पुरेनात म्हणून पत्रांचे फोटो घरी आणून मी संध्याकाळी वाचायला लागलो. बायको म्हणायची, "माझ्या पत्रांकडे कधी एवढं लक्ष दिलं नाहीस." दमट हवेच्या सबबी मी इतक्या वाचल्या की मला त्या मालकाची सर्दीसुद्धा जाणवायला लागली. आणि एका संध्याकाळी, तशाच एका सबबीच्या पत्रात, ते होतं. वाद्यं बनवणाऱ्या एका कारागिराची माफी मागितली होती. नमद्याची चाकं उशिरा येतील, कर्ण्यांना तोवर झिलई देता येणार नाही याबद्दल दिलगीर आहे, हवा फार दमट आहे.

मी मोठ्याने हसलो. बायको धावत आली. तिला वाटलं घरून काही फोन आला. मी तिला तिथल्या तिथे गरकन फिरवलं, पिठाच्या हातांसकट.

शनिवारी मी ते पत्र आजोबांपुढे वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग कोट न घालताच ते बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून चेरी भरलेला मोठा गोल केक घेऊन आले, पाठोपाठ बँडमधला एक त्यांचा मित्र, त्याचा कर्णा घेऊन. इतिहास मंडळाच्या त्या छोट्याशा खोलीत त्याने तो वाजवला. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, शिक्षिका कानांवर हात ठेवून हसत होत्या, आणि आजोबा पायाने ठेका धरत होते. इतका आनंदी म्हातारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

माझ्या ताटलीत केकचा सगळ्यात मोठा तुकडा वाढत ते म्हणाले, "आधी डाग मिळाला, आता कागद मिळाला. दोन्ही तुझ्यामुळे."

सांगायला याहून सोपी वेळ येणार नव्हती. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, त्यांचं आता काहीही जाणार नव्हतं. जाणार होतं ते फक्त माझं, त्या टेबलावरचं माझं कौतुक. तरी मी गप्प बसलो. पहिल्यांदा गप्प राहिलो ते त्यांचं मन मोडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलोय. दुसऱ्यांदाचं मला तसं सांगता येत नाही.

आजोबा अजून दर शनिवारी येतात. माझी खुर्ची धरून ठेवतात, बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवतात, आणि नवीन कुणी आलं की त्याला काचेपाशी नेऊन आधी डाग दाखवतात, मग पत्र. यंदा खंडेनवमीला मी त्यांना जेवायला बोलावलंय, बायकोने श्रीखंडासाठी दही टांगलंय. त्यांना आमची पूजा दाखवायची आहे, सायकली, लॅपटॉप, मिक्सर. त्यांच्यासमोर बोट हळदीत बुडवायचं आहे.

पेटीतली ती चिठ्ठी मला बदलून द्यायची आहे. बायको काचेपाशी जे म्हणाली होती, त्याचं खरं उत्तर तिला द्यायचं आहे. आणि आजोबांना एक वाक्य, जे डचमध्ये मला अजून पाठ आहे.